गिरिजाबाईंनी न मोजलेले चौऱ्याऐंशी

मंगळवार, १३ मे २०२५. सकाळी ढगाळ, दुपारी कडक ऊन. दूध अर्धा लिटर. पेपर उशिरा, सव्वासातला. उजव्या डोळ्यात थेंब दोन वेळा. दुपारी रजया उन्हात टाकल्या, चारला काढल्या. संध्याकाळी पावणेसहाला गिरिजाबाई आल्या, रोजच्यापेक्षा वीस मिनिटं आधी. चहाला नको म्हणाल्या. हातात इंग्रजी कागद. म्हणाल्या, "बाई, हे वाचून सांगा बरं, मी काल काय केलं ते."

गिरिजाबाईंचं वाक्य मी डायरीत जसंच्या तसं उतरवलं. कॉन्व्हेंटमध्ये सहावीत असताना सिस्टरांनी पहिली वही हातात दिली, त्याला आता सदुसष्ट वर्षं होतील. तेव्हापासून लोकांनी माझ्याकडून पत्रं वाचून घेतली, औषधांच्या चिठ्ठ्या वाचून घेतल्या, कोर्टाच्या नोटिसा वाचून घेतल्या. आपण स्वतः काल काय केलं हे विचारायला मात्र कोणी आलं नव्हतं.

गिरिजाबाई खरात जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये उगवलेलं बी मोजतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिला फुकटची प्रसिद्धी कशाला? बत्तीस वर्षं त्या हेच एक काम करत आल्या आहेत आणि अजून रोजंदारीवर आहेत. सकाळी बदनापूरहून येतात, संध्याकाळी परत जातात. स्टेशनच्या वाटेवर माझं घर लागतं, म्हणून गाडीची वेळ होईपर्यंत माझ्याकडे टेकतात.

काम सांगायला सोपं आहे. सोयाबीनचे चारशे दाणे घ्यायचे, शंभर शंभर करून ओल्या कागदावर ओळीने मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची आणि जर्मिनेटर म्हणतात त्या उबदार कपाटात उभी करायची. पाचव्या दिवशी उघडून एकदा बघायचं. आठव्या दिवशी शेवटची मोजणी. शंभरात सत्तर नीट उगवले तर पोती बाजारात जातात, एकोणसत्तर उगवले तर जात नाहीत. सगळी भानगड त्या "नीट" शब्दात आहे. मोड आला म्हणजे उगवलं, असं तुम्हाआम्हाला वाटतं. गिरिजाबाई रोप उचलतात, उलटं धरतात, आधी मुळी बघतात. वर छान हिरवं पान आणि खाली मुळी खुंटलेली, असं रोप त्या बाजूला टाकतात. "ही नुसती दिसायला हाय," म्हणतात. "वावरात चार दिवसात मान टाकती."

दहा रोपं झाली की त्या एक चिंचोका बाजूला ठेवतात. मोजताना बोलत नाहीत. मध्ये कोणी हाक मारली तर पुन्हा एकपासून सुरू करतात, मग ती हाक मालकाची का असेना. म्हणून त्यांना तिथे काही लोक गर्विष्ठ समजतात. समजोत.

त्या या कामाला लागल्या त्याला माझे यजमान कारण झाले. ते सरकारी बीज परीक्षणाच्या नोकरीत होते. त्र्याण्णव साली ते त्या कारखान्यात तपासणीला गेले, तेव्हा पंचविशीतल्या गिरिजाबाई तिथे झाडलोट करत होत्या. मूळच्या पिंपळगाव रेणुकाईच्या, शिक्षण सातवी पास, बदनापूरला दिलेल्या. लॅबमधले बाबू यजमानांना ट्रे दाखवत होते, शंभरात इतके, शंभरात तितके. मागून झाडू हातात धरलेली बाई म्हणाली, "साहेब, ते सत्त्याण्णवच हाईत. शंभर मांडलेच न्हाईत." यजमानांनी मोजले. सत्त्याण्णव होते. घरी येऊन ते मला म्हणाले, "आज एका पदवीधराला झाडू द्यावा आणि झाडूवालीला स्टूल द्यावं असं वाटलं." पदवीधराचं काही वाकडं झालं नाही, पण स्टूल तेवढं मिळालं.

मोजण्याची ही सवय लॅबच्या दाराशी थांबत नाही. त्यांच्या मुलीच्या, सुमेधाच्या लग्नाला मी गेले होते. साहेबराव, म्हणजे गिरिजाबाईंचे पती, तेव्हा लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होते. मांडवाच्या तोंडाशी उभे राहून ते व्याह्यांना सांगत होते, "हजार पान उठलं बघा, हजार!"

"सहाशे बारा," गिरिजाबाई मागून म्हणाल्या. "पत्रावळी मी मोजल्यात."

"अगं, लोकात तरी हजार म्हण!"

"तुमी म्हणा की लोकात. मला इचारू नका मंग."

व्याही हसले. साहेबराव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि विचारलं, नक्की सहाशे बाराच का?

तर अशा बाईंनी माझ्यासमोर तो कागद धरला. कागद देखणा होता. तक्ता, जाड ठसा, प्रत्येक लॉटसाठी वेगळा परिच्छेद. इंग्रजी असं नितळ की आमच्या सिस्टरांनी वर्गात वाचून दाखवलं असतं. मी मराठी करून सांगत गेले. सोयाबीनचे चार लॉट, उगवणशक्ती अनुक्रमे ब्याऐंशी, ऐंशी, पंच्याऐंशी, चौऱ्याऐंशी. रोपं जोमदार, प्राथमिक मुळी सुविकसित, बुरशीचा प्रादुर्भाव आढळला नाही. आणि खाली, अंतिम मोजणी जी. खरात यांनी बारा मे रोजी सकाळी साडेनऊ वाजता केली. त्याखाली सहीसाठी रिकामी रेघ.

मी चष्मा काढला. बारा मे म्हणजे काल, बुद्धपौर्णिमा. आदल्या दिवसाची डायरी समोरच होती. सोमवार, बदनापूर. सव्वानऊला पोहोचले. विहारात वंदना चालू. गिरिजाबाई पांढऱ्या साडीत, खीर वाढत होत्या. दोन वाट्या खाल्ल्या. दुसरी मागितली नव्हती. साडेनऊ वाजता या बाईच्या हातात पळी होती आणि पळीखाली माझी वाटी होती. जोमदार म्हणायचं तर ती खीर होती.

"म्हंजे मी मोजले असं लिवलंय?"

"वेळेसकट."

"अन् चौथ्या लॉटचे किती?"

"चौऱ्याऐंशी."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढली. "सकाळी गेले तर चारी लॉटच्या गुंडाळ्या कपाटात तशाच. कुणी उघडल्याच न्हाईत. मंग मीच बसून मोजल्या, रजिस्टरला लिवल्या. एक्क्याऐंशी, एकोणऐंशी, चौऱ्याऐंशी. अन् हा चौथा." बोट चिठ्ठीवर ठेवलं. "त्रेचाळीस. निम्म्यात बुरशी. चार वाजता मॅडम हा कागद घेऊन आल्या, मावशी, हितं सही करा म्हणल्या. मी म्हणलं, मला इंग्रजी येत न्हाई, साहेबांच्या बाईला दाखवून आणते."

कागद कसा जन्मला हे त्यांनी मॅडमकडूनच ऐकलं होतं. मॅडम म्हणजे शीतल, लॅब सांभाळणारी, बी.एस्सी. कृषी, पंचवीस वर्षांची. मुलगी वाईट नाही. घाईत असलेली माणसं वाईट नसतात, पण नुकसान तेवढंच करतात. गुरुवारी पंधरा तारखेला सकाळी ट्रक निघायचा होता. पेरणी तोंडावर आणि मोजणीचा दिवस नेमका सुट्टीचा. शीतलने रजिस्टरातली त्या सकाळची नोंद न बघताच पाचव्या दिवसाचे आकडे मोबाइलमधल्या एआयला दिले आणि पूर्ण अहवाल तयार करून दे म्हणाली. पाचव्या दिवशी चौथ्या लॉटसमोर आकडा नव्हताच. गिरिजाबाईंनी तिथे "बुरशी, थांबून बघणे" असं लिहिलं होतं. शीतलला टाइप करायला आकडा सापडेना, म्हणून तिने जागा कोरी सोडली. यंत्राला कोरी जागा सोसली नाही. त्याने बाकीच्या तिघांकडे पाहून चौथ्याला त्यांच्याच उंचीचा आकडा शिवून दिला, वर बुरशी नसल्याचं प्रमाणपत्र, आणि कोणीतरी मोजलं पाहिजे म्हणून मोजणारीण.

मला राग कशाचा आला सांगू? तीन आकडे जवळपास बरोबर होते याचा. पेढीवरचा भामटासुद्धा पहिली तीन नाणी खरी देतो, म्हणून चौथं कोणी दातांनी चावून पाहत नाही. सगळेच आकडे वेडेवाकडे असते तर शीतलनेच कागद फेकून दिला असता.

"सही करू नका," मी म्हणाले.

"ते तर न्हाईच करणार, बाई. पण मी न्हाई केली तर माझं तिथलं बसणं गेलं."

हे त्या कुरकुरत म्हणाल्या नाहीत. गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. पण मला ते काय होतं ते माहीत होतं. त्यांना एवढं एकच काम येतं आणि ते जालन्यात कोणाला त्यांच्यासारखं येत नाही. ते स्टूल गेलं तर त्या पोती चाळणाऱ्या शंभर बायांपैकी एक होतात. आणि सही केली तर स्टूल राहतं, फक्त त्याच्यावर बसणारी बाई राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षाने त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. पिशवीत यजमानांचं बीज परीक्षणाच्या नियमांचं पुस्तक घेतलं. लॅबच्या बाहेर बियाण्याला लावायच्या औषधाचा उग्र वास होता, आत एसीचा.

मॅनेजर बद्रीनाथ मला ओळखतात. यजमान नोकरीत होते तेव्हा दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन दारात उभे असायचे आणि यजमान डबा परत पाठवायचे. दरवर्षी आणायचे, दरवर्षी परत न्यायचे. चिकाटी मोठी.

"या, काकू! एवढ्या उन्हात कशाला त्रास? फोन करायचा." मग गिरिजाबाईंकडे वळून, "काय हो बाई, एका सहीसाठी काकूंना आणलं? ऐन हंगामात सुट्टी घेता, वरून हे."

"सुट्टी कॅलेंडरात लाल अक्षरात हाय, साहेब. मी न्हाई छापली."

"बरं, बरं. हे बघा काकू, सगळं नियमात आहे. शीतलनं विचारून घेतलंय. शेवटच्या मोजणीला सुट्टी आली तर पाचव्या दिवसावरून आठव्याचा आकडा काढता येतो. कलम चौदा, पोटकलम सहा."

"कुठल्या पुस्तकातलं?"

"एआयनंच दिलंय ना."

मी पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. जाड आहे, आवाज झाला. "दाखवा."

त्यांनी चार पानं उलटली, मग शीतलकडे सरकवलं. शीतलने अनुक्रमणिका पाहिली, मग चौदाव्या कलमाची जागा पाहिली, मग मागची-पुढची पानं. सुट्टीचं नावही नव्हतं. यजमानांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या तिने उगाच बोटाने पुसून पाहिल्या.

"यात नाहीये, सर."

"जुनं असेल पुस्तक. त्याला विचार."

शीतलने मोबाइलवर विचारलं आणि उत्तर मोठ्याने वाचलं. तुमचं बरोबर आहे, चुकीबद्दल क्षमस्व, योग्य संदर्भ नऊ-ब असा आहे. नऊ-ब पाहिलं. तिथे भलताच मजकूर. पुन्हा विचारलं. आपण इतक्या बारकाईने तपासलंत याचं कौतुक वाटतं, असं म्हणून त्याने तिसराच क्रमांक दिला. तोही नव्हता. एकोणऐंशी वर्षांत मला बऱ्याच लोकांनी फसवलं, पण इतक्या नम्रपणे, लागोपाठ तीनदा आणि माझंच कौतुक करत कोणी फसवलं नव्हतं. आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिला उत्तर येत नसलं की ती उभी राहून अतिशय सुंदर आवाजात काहीतरी म्हणायची. सिस्टर तिला खाली बसवायच्या. या यंत्राला खाली बसवणारं कोणी नाही. उलट त्याच्यासमोर सगळे हात जोडून उभे, कारण इंग्रजी चांगलं आहे. मी ते इंग्रजी फी भरून शिकले आहे. त्यात खोटं बोलायला तितकंच सोपं जातं.

गिरिजाबाई आतापर्यंत दाराशी उभ्या होत्या. आता म्हणाल्या, "मॅडम, त्याला इचारा की, परवा साडेनवाला मी कुठं व्हते."

शीतलने विचारलं. मग हळू आवाजात वाचलं, "ते म्हणतंय, मला याची माहिती नाही. आधीच्या रिपोर्टांवर तुमचं नाव होतं म्हणून तेच घातलं."

"माहीत न्हाई, तर न्हाई म्हणायला काय झाल्तं त्याला?"

शीतलने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

बद्रीनाथांनी मात्र कॅल्क्युलेटर ओढला. बियाण्याच्या धंद्यातला माणूस, कितीही कोंडी झाली तरी फट शोधणारच. "तुमचेच आकडे धरू, बाई. एक्क्याऐंशी, एकोणऐंशी, चौऱ्याऐंशी, त्रेचाळीस. भागिले चार." बटणं दाबली आणि चेहरा उजळला. "पावणेबहात्तर! सत्तरच्या वर. चारी लॉट मिळून पास!"

"साहेब, तिघांच्या वावरात उगवलं अन् चौथ्याच्या न्हाई उगवलं, तर चौथ्यानं काय सरासरी खायची?"

शीतल हसली. बद्रीनाथांनी कॅल्क्युलेटर बंद केला. आवाज एकदम मवाळ केला.

"असं करू. तुमचं नावच काढतो. तुम्ही मोजलं नाही, तुमचा संबंध नाही, उद्या कोणी विचारलं तर तुम्ही मोकळ्या. तुमचं काम, तुमचं स्टूल, सगळं जिथल्या तिथं. झालं?"

हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते की मला वाटलं, झालं. मी याचसाठी आले होते. मी पुस्तक उचलून पिशवीत घालायलाही लागले. गिरिजाबाईंचं नाव वाचलं, गिरिजाबाईंचं स्टूल वाचलं, यापलीकडे मला त्या क्षणी काही सुचलं नव्हतं.

गिरिजाबाई जागच्या हलल्या नाहीत. "नाव काढल्यानं बी उगवंल का?"

"बाई, तो तुमचा प्रश्न नाही."

"मंग कुणाचा हाय? त्रेचाळीस मी मोजलेत. मला माहीत हाय, तुमाला माहीत हाय, आता ह्या बाईंलाबी माहीत हाय. माझं नाव काढलं तर मला माहीत असलेलं कुठं जातंय?"

"बत्तीस वर्षं झाली तुम्हाला इथं," बद्रीनाथ म्हणाले, आणि आता आवाजात मवाळपणा नव्हता. "अजून परमनंट नाही. आम्ही कधी नको म्हटलं का? उद्या म्हटलं तर चालेल?"

"म्हणा."

त्यांनी शीतलकडे कागद ढकलला. "मावशीचं नाव काढ. मोजणारा म्हणून तुझं टाक. प्रिंट काढ, सही कर."

शीतलने कागद घेतला, हातात धरून राहिली. "सर, मी नाही मोजलं."

"तुला मोजायला कोण सांगतंय? त्यानं मोजलंय ना?"

"त्यानं पण नाही मोजलं, सर. कोणीच नाही मोजलं."

कालच याच मुलीने हाच कागद बिनघोर दुसऱ्याच्या सहीसाठी पुढे केला होता. स्वतःच्या नावाची वेळ आली तशी तिला एकदम दिसायला लागलं. मी तिचं कौतुक करत नाही. पण साहेबासमोर ती बोलली, तेवढं तिच्या नावावर जमा.

"मग एआय लिही!" बद्रीनाथ ओरडले. "मोजणारा, एआय! आजकाल सगळीकडे चालतं."

"लिवा की," गिरिजाबाई म्हणाल्या. "सही कुठं करंल ते? अंगठा तरी हाय का त्याला?"

मला राहवलं नाही. मी माझ्या सगळ्यात गोड, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाले, "बद्रीनाथ, तुम्हीच करा ना सही. चौऱ्याऐंशी म्हणजे मोठा आकडा. मोठ्या माणसाची सही शोभेल."

त्यांनी पेन घेतलं. टोपण काढलं. कागदावरच्या रेघेकडे पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, एसीकडे पाहिलं. उद्या बी उगवलं नाही तर पंचनाम्याला येणारा अधिकारी याच रेघेवर बोट ठेवणार, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

त्या खोलीत कोणाला सत्याचा साक्षात्कार झाला असं कृपा करून समजू नये. चौऱ्याऐंशी हा आकडा सगळ्यांना हवा होता. बाजारात पाठवायला हवा होता, मालकाला सांगायला हवा होता, पोत्याच्या टॅगवर हवा होता. फक्त त्याच्या खाली उभं राहायला कोणी तयार नव्हतं. ज्याने तो सांगितला त्याला पाय नाहीत, आणि ज्यांना पाय होते ते मागे सरकले. गिरिजाबाईंचा त्रेचाळीस मात्र कोणालाच नको होता, आणि तरी तो एकटा तिथे उभा राहिला, कारण त्याच्यामागे एक बाई होती.

शीतलने नवा अहवाल टाइप केला. या वेळी रजिस्टर शेजारी उघडून, एकेक आकडा बोट ठेवून. तारीख तेरा मे. चौथ्या लॉटसमोर त्रेचाळीस, नापास, बुरशी. इंग्रजी पहिल्यापेक्षा कच्चं होतं, एके ठिकाणी क्रियापद चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. मराठी करून गिरिजाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी एक शब्द पुन्हा विचारला, मग सावकाश, सुटी अक्षरं काढत मराठीत सही केली. गुरुवारच्या ट्रकात तीन लॉट जाणार आणि चौथा गोदामात राहणार, असं बद्रीनाथांनी फोनवर कोणाला तरी सांगितलं. फोन ठेवला आणि कागदपत्रांत डोकं घालून म्हणाले,

"बाई, उद्यापासून लॅबमध्ये येऊ नका. चाळणीवर जा."

चाळणी म्हणजे मागचा शेड. पत्र्याखाली यंत्राच्या चाळण्या हलत असतात, सोयाबीनचा भुसा उडत असतो, बाया तोंडाला पदर बांधून मातीचे खडे आणि फुटके दाणे वेचत असतात. मोजायचं तिथे काही नसतं.

"किती वाजता?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"काय?"

"चाळणीवर. टाइम काय हाय?"

"आठ."

"मंग आदीची गाडी धरावी लागंल," त्या म्हणाल्या. त्यात तिरकसपणा नव्हता. खरोखरच आधीची गाडी धरावी लागणार होती.

शीतल आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली. "मावशी, माझ्यामुळं झालं," म्हणाली.

"तुज्यामुळं तर झालंच," गिरिजाबाई म्हणाल्या. "आता पुढच्या गुंडाळ्या रविवारी उघडायच्यात. घाई करू नको. मुळी आधी बघत जा, पान मागून."

रिक्षात मी त्यांना म्हणाले की बद्रीनाथांच्या वरच्या माणसाला चिठ्ठी लिहिते, यजमानांच्या ओळखीचा आहे. त्या नको म्हणाल्या. मी आग्रह केला. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी इंग्रजीत लिवणार. ते वाचून म्हणणार, वा, काय इंग्रजी हाय. अन् ठिवून देणार." मला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. तरी आज रात्री मी चिठ्ठी लिहिणार आहे, मराठीत.

माझ्याकडे त्यांनी आज चहा घेतला, दोन कप. भुशाने त्यांना खोकला लागतो हे मला माहीत आहे, साहेबरावांची छातीही मिलच्या धुराने गेलेली. सुमेधा शिकवते त्या शाळेला सुट्ट्या लागल्या आहेत आणि ती येणार आहे, एवढं बोलणं झालं. परतीची गाडी संध्याकाळचीच, तोवर त्या माझ्याकडेच थांबल्या आणि साडेसहाला स्टेशनकडे गेल्या.

त्या गेल्यावर मी आजचं पान लिहायला बसले. एमआयडीसीत जाणं-येणं, वेळा, कोण काय म्हणालं ते सगळं उतरवलं. लिहिताना एकदा अडले. बद्रीनाथ पेन खिशात ठेवण्याआधी काही म्हणाले होते का, हे आठवेना. सुचणारी वाक्यं बरीच होती आणि सगळी त्यांना शोभली असती. मी तिथे लिहिलं, आठवत नाही.

मग शेवटची ओळ लिहिली. बुधवार, १४ मे, संध्याकाळ. सात वाजून दहा मिनिटांनी गॅस संपला, दुसरं सिलिंडर लावलं.